खेळपट्टीपेक्षा दोन यार्ड कमी

ऑगस्ट अर्धा सरला की संध्याकाळी सहाच्या सुमाराला शेजारच्या परसातून एक ‘थप्’ ऐकू येतं. फक्त एक. मग शेजारचे काका फोमच्या ठोकळ्यापर्यंत चालत जातात, बाण उपसतात, टोक बघतात आणि घरात निघून जातात. पहिल्या वर्षी मला वाटलं, म्हातारपणामुळे दमत असतील. दिवसाला एकच बाण मारण्यामागचं कारण कळायला मला दोन वर्षं लागली. ते पुढे येईलच.

आम्ही अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात राहतो, मॅडिसनपासून तासाभराच्या अंतरावर. इथे दिवाळीच्या फराळाची चौकशी आम्ही चारपाच मराठी घरंच करतो, पण ‘यंदा धनुष्य काढलं का?’ हा प्रश्न दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे विचारतात. सप्टेंबरच्या मध्यावरच्या शनिवारी धनुष्यबाणाने हरणाची शिकार करण्याचा हंगाम उघडतो आणि जानेवारीपर्यंत चालतो. गेली तीन वर्षं मीही परवाना काढते. अजून एकही हरीण मारलेलं नाही. सांगलीहून आई फोनवर विचारते, “अगं, मग जातेस कशाला?” तिला दिलेलं उत्तर जरा लांबलं, त्याचाच हा लेख झाला.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. चितळ, सांबर, भेकर यांच्या वाटेला बाण घेऊन जाण्याचा प्रश्नच येत नाही. हे सगळं अमेरिकेतल्या एका राज्यातलं, पांढऱ्या शेपटीच्या हरणाचं आहे. तो प्राणी इथे इतका झालाय की माझ्या टोमॅटोच्या रोपांचे शेंडे दरवर्षी तोच खातो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात रात्री गाडी चालवताना नजर रस्त्यापेक्षा रस्त्याच्या कडेलाच जास्त ठेवावी लागते.

बंदुकीचा मुख्य हंगाम इथे नऊ दिवसांचा असतो, थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबरअखेरच्या इथल्या सणाच्या, आधीच्या शनिवारपासून. धनुष्याला मात्र जवळजवळ चार महिने मिळतात. कारण उघड आहे. बंदुकीने दोनशे यार्डांवरचं हरीण पडू शकतं. बाणाने, माझ्यासारखीने, फार तर वीस. क्रिकेटची खेळपट्टी बावीस यार्डांची असते. म्हणजे बॉलरच्या स्टंपांपासून बॅट्समनपर्यंत जेवढं अंतर, त्याहूनही जवळ एक रानटी, घाबरट, नाकाने जग वाचणारं जनावर यायला हवं, आणि तुम्ही तिथे आहात हे त्याला कळता कामा नये. तयारी तयारी म्हणतात ती सगळी या वीस यार्डांसाठी.

सिलिंडर उचलणारं धनुष्य

रामायण मालिकेतलं धनुष्य डोळ्यांसमोर असेल तर ते जरा बाजूला ठेवा. तसली साधी धनुष्यंही लोक वापरतात, पण बहुतेकांच्या हातात कंपाउंड धनुष्य असतं. दोन टोकांना दोन चाकं, मध्ये दोऱ्यांचं जाळं, सायकलच्या गिअरची आठवण यावी असं. मिसूरी राज्यातल्या हॉलेस विल्बर ॲलन या माणसाने १९६६मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९मध्ये ते त्याला मिळालं.

साध्या धनुष्याची दोरी जितकी मागे ओढाल तितकी ती जड होत जाते. पूर्ण ताणली की सगळा भार बोटांवर येतो, आणि हात थरथरायच्या आत बाण सोडावा लागतो. कंपाउंडची चाकं गोल नसतात, अंड्यासारखी वेडीवाकडी असतात. ती फिरतात तशी तरफेची बाजू बदलते. सुरुवातीला जोर लागतो, मग एका ठिकाणी ‘खळकन’ भार उतरतो. ६० पौंडांचं धनुष्य घ्या. ६० पौंड म्हणजे २७ किलो, भरलेल्या घरगुती सिलिंडरपेक्षा थोडंसंच कमी. ते ओढताना एका क्षणी तेवढा भार सोसावा लागतो, पण पूर्ण ताणल्यावर ८० टक्के भार उतरणारं धनुष्य असेल तर हातात उरतात १२ पौंड, साडेपाच किलो. तेवढं धरून मिनिटभर थांबता येतं. हरीण झाडाआड उभं असताना हे मिनिटच उपयोगी पडतं.

विस्कॉन्सिनमध्ये हरणासाठी धनुष्य किमान ३० पौंडांचं लागतं. माझं ४२चं आहे. दुकानात सत्तर पौंडांचं धनुष्य आकाशाकडे तोंड करून ओढणारे पुरुष बघितले की मला गल्लीतल्या दहीहंडीचे थर आठवतात. बसल्या जागी, थंडीत, जाड जॅकेटमध्ये, धनुष्य समोर सरळ धरून आवाज न करता जे ओढता येतं तेच तुमचं वजन. बाकी सगळी मिरवणूक.

जून-जुलैमध्ये आधी दोरी तपासायची. तिचे धागे केसाळ दिसायला लागले की मेण चोळायचं. एखादा धागा तुटलेला दिसला तर धनुष्य दुकानात द्यायचं, घरी प्रयोग नकोत. चाकांना चीर आहे का, दोरीत बसवलेली पीप नावाची छोटी भोकाची चकती फिरलीय का, स्क्रू सैल झालेत का, हेही बघायचं. आणि बाण न लावता दोरी ओढून सोडणं कधीही, गमतीतसुद्धा नाही. एरवी बाण घेऊन जातो ती सगळी ताकद तेव्हा धनुष्याच्याच अंगावर उलटते. धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्या फुटतात, दोरी सुटते, डोळा जाऊ शकतो. घरी पाहुणे आले आणि कुणी “बघू बघू” म्हणत हात घातला की काका धनुष्य सरळ कपाटात ठेवतात. मीही तेच करते.

बाणांचंही तसंच. हल्लीचे बाण कार्बनचे असतात, आणि त्यांना वरून न दिसणारी चीर जाऊ शकते. म्हणून प्रत्येक बाण दोन्ही टोकांना धरून हलकेच वाकवायचा, थोडा फिरवून पुन्हा वाकवायचा, आणि कान लावून ऐकायचं. पापड मोडल्यासारखी बारीकशी करकर आली तर तो बाण मोडून कचऱ्यात. तसला बाण सोडला तर तो सुटतानाच फुटून हातात घुसू शकतो.

जाता जाता एक जुनी गोष्ट. या राज्यात धनुष्याने हरीण मारायचा आधुनिक काळातला पहिला हंगाम १९३४मध्ये झाला, सॉक आणि कोलंबिया या दोन जिल्ह्यांपुरता. त्याच सुमाराला मॅडिसनच्या विद्यापीठात वन्यजीव व्यवस्थापन शिकवणारे प्रसिद्ध निसर्गलेखक अल्डो लिओपोल्ड स्वतःची धनुष्यं स्वतः घडवत. त्यांच्या पत्नी एस्टेला तर धनुर्विद्येत राज्याच्या विजेत्या होत्या. इथे दुकानात मला बघून “नवऱ्यासाठी घेताय का?” असं अजून विचारतात, तेव्हा मला या बाईंची आठवण येते.

एक बाण

आता त्या एका ‘थप्’कडे. जून-जुलैत काका तीस-तीस बाण मारतात. हात बसतो, खांद्याचे स्नायू तयार होतात. पण तिसाव्या बाणाचा नेम किती चांगला, याला रानात काही किंमत नाही. तिथे तीन तास आखडून बसल्यावर, अंग गार पडल्यावर, छाती धडधडत असताना एकच बाण मारायचा असतो, आणि तो त्या दिवसाचा पहिला असतो. म्हणून ऑगस्टच्या मध्यापासून ते रोज पहिल्याच बाणाचा सराव करतात. दुसरा मारायचाच नाही. चुकला तर चोवीस तास त्या चुकीसोबत काढायचे. मीही गेल्या वर्षीपासून हे करून बघतेय. चुकलेल्या दिवशी स्वयंपाकात हमखास मीठ जास्त पडतं.

दुसरी गोष्ट मी फजिती करून घेऊन शिकले. उन्हाळाभर टी-शर्टमध्ये सराव केला होता. हंगामात, नोव्हेंबरच्या गारठ्यात, फुगीर जॅकेट घालून बसले. खाली एक मादी आली, अठरा यार्डांवर उभी राहिली. मी बाण सोडला आणि दोरी जॅकेटच्या बाहीला ‘फाट्’ करून लागली. बाण तिच्या बराच पुढे जमिनीत. ती दोन उड्या मारून थांबली, मागे वळून बघत राहिली, मग शेपटी वर करून गेली. तेव्हापासून ऑगस्टच्या उकाड्यात मी आठवड्यातून एकदा जॅकेट घालून, खुर्चीवर बसून सराव करते. शेजारपाजारचे हसतात. हसू देत.

अंतराचा अंदाज हा तिसरा सराव. बाण गोळीसारखा सरळ जात नाही, पाण्याच्या पाइपातून उडणाऱ्या धारेसारखा कमान करून जातो. सेकंदाला अडीचशे फूट वेगाचा बाण धरला तर साधं गणित असं येतं: वीस यार्डांसाठी नेम धरला आणि हरीण प्रत्यक्षात तीसवर असेल, तर बाण सुमारे आठ इंच खाली लागतो. हरणाच्या छातीत हृदय-फुफ्फुसांचा जो भाग आहे तो एका मोठ्या ताटलीएवढा, आठ-दहा इंचांचा. मधोमध धरलेला नेम आठ इंचांनी चुकला की ताट हुकलं. म्हणून अंतर मोजायचं यंत्र बाळगतात, आणि मचाणावर बसल्या बसल्या आसपासच्या झाडांची अंतरं आधीच मोजून ठेवतात: तो वाकडा ओक सतरा, तो दगड तेवीस. हरीण आल्यावर यंत्र काढायला हात हलवणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

सराव साध्या गोल टोकाने करतात, शिकार मात्र ब्रॉडहेडने, म्हणजे दोन-तीन धारदार पाती असलेल्या टोकाने. त्या पात्यांना वाऱ्यात पंखांसारखं वागायची खोड असते. धनुष्य किंचित जरी बिघडलेलं असेल, तरी साधा बाण निमूट ठोकळ्यात जातो आणि ब्रॉडहेड चार इंच बाजूला. म्हणून हंगामाआधी ब्रॉडहेडने मारून बघणं आलंच, आणि त्यानंतर पाती बदलणं किंवा धार लावणंही. बाण धक्क्याने मारत नाही. तो रक्तवाहिन्या कापून मारतो. बोथट पातं त्यांना बाजूला सारून पुढे जातं, आणि जनावर विनाकारण हाल सोसतं. काका नव्या पात्याची धार ताणलेल्या रबरबँडवर टेकवून बघतात. बोट लावून बघू नका, मी बघितलं होतं.

हरीण ‘टण्’ ऐकतं

वीसच यार्ड का? नेम तर ठोकळ्यावर चाळीसवरही बसतो. कारण ठोकळ्याला कान नसतात.

धनुष्य सुटताना आवाज होतो. आवाज सेकंदाला सुमारे अकराशे फूट जातो, माझा बाण अडीचशेच्या आसपास. वीस यार्डांवर, म्हणजे साठ फुटांवर, बाणाला पाव सेकंद लागतो. आवाज त्याआधी, सेकंदाच्या विसाव्या भागातच पोहोचतो. दोहोंत फरक पडतो सेकंदाच्या पाचव्या भागापेक्षाही कमी. चाळीस यार्डांवर हाच फरक दुपटीने वाढतो. दचकलेलं हरीण काय करतं? पळण्याआधी स्प्रिंगसारखं खाली दबतं, पाय दुमडतं. त्याला दचकायला सेकंदाचा दहावा भाग लागतो असं धरा. वीस यार्डांवर त्याचं अंग जेमतेम तीन-चार सेंटिमीटर खाली गेलेलं असतं, बाण ठरल्या ठिकाणी लागतो. चाळीसवर ते फूटभर खाली जाऊ शकतं. बाण पाठीवरून निघून जातो. किंवा पाठीच्या वरच्या मांसात घुसतो, आणि ते त्याहून वाईट.

त्यात हरीण आधीच कान टवकारून उभं असेल तर हे सगळं आणखी लवकर घडतं. म्हणून मान खाली घालून चरणारं, शेपटी सैल सोडलेलं हरीण हवं. तेही आडवं उभं, किंवा जरासं पाठमोरं, म्हणजे बाण बरगड्यांमागून शिरून पलीकडच्या खांद्याकडे जाईल. समोरून तोंड करून उभं असेल तर थांबायचं. लहानपणापासून आपल्याला पोपटाचा डोळाच बघायला शिकवलंय, पण इथे अर्जुनासारखं बघून भागत नाही. मध्ये आलेली फांदी, मागे उभं दुसरं हरीण, पायांची ठेवण, हे सगळं दिसायला लागतं. काका म्हणतात, शिकाऱ्याच्या आयुष्यात न सोडलेले बाणच जास्त.

म्हाताऱ्या आणि वारा

हरीण कुठून येणार हे उन्हाळ्यातच शोधायचं असतं. जुलै-ऑगस्टमध्ये नर टोळीने राहतात, संध्याकाळी सोयाबीनच्या शेतात उघड्यावर चरायला येतात. शिंगांवर तेव्हा मखमली कातडी असते. आपल्याकडे काळवीटाचीही शिंगंच आणि सांबराचीही शिंगंच, पण काळवीटाची जन्मभर टिकतात, हरीणकुळातल्या नरांची दरवर्षी गळून नव्याने उगवतात. सप्टेंबरच्या सुरुवातीला ती मखमल झाडाला घासून उतरते, टोळी फुटते, आणि ऑगस्टभर झाडाला बांधलेल्या कॅमेऱ्यात रोज दिसलेला नर हंगाम उघडताच गायब. नवखे शिकारी इथेच कपाळाला हात लावतात. झालेलं एवढंच असतं की सोयाबीनची पानं पिवळी पडायला लागली, रानात ओकची फळं पडायला लागली, आणि हरणांचा मुक्काम शेतातून रानात हलला.

ओकमध्येही दोन घराणी आहेत. पांढऱ्या ओकचं फळ एका वर्षात पिकतं, त्यात तुरटपणा कमी असतो, आणि हरणांना तेच आधी हवं असतं. लाल ओकचं फळ दोन वर्षांनी पिकतं, जास्त तुरट. पांढऱ्याच्या पानांचे कंगोरे गोल बोटांसारखे, लाल ओकच्या पानांची टोकं अणकुचीदार. ऑगस्टअखेर दुर्बीण घेऊन रानात फिरायचं आणि कोणत्या पांढऱ्या ओकवर फळ धरलंय ते बघून ठेवायचं. सप्टेंबरच्या त्या शनिवारी अशा एका झाडाची किंमत शंभर कॅमेऱ्यांएवढी.

झाड सापडलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं म्हणजे वारा. हरणाच्या डोळ्याला आपण फसवू शकतो. त्याला केशरी आणि हिरवा यांत फारसा फरक कळत नाही. म्हणून बंदुकीचा हंगाम सुरू असताना धनुष्यवाल्यांनाही जे भडक केशरी कपडे सक्तीचे असतात, त्यांनी काही बिघडत नाही. (२०१६पासून इथे भडक गुलाबीही चालतो.) निळा रंग मात्र त्याला छान दिसतो, तेव्हा जीन्स घरी ठेवा. नाक फसवता येत नाही. बिनवासाचे साबण, वास शोषणारे कोळशाचे कपडे, फवारे, यांवर लोक पुष्कळ पैसे घालवतात. माझा त्यावर विश्वास नाही. आदल्या रात्री फोडणीला हिंग घातलेल्या घरातून मी येते, मला कोणता साबण वाचवणार? वारा हरणाकडून माझ्याकडे यायला हवा, बस.

आमचा भाग टेकड्या-घळींचा आहे. हिमयुगात इथे बर्फाची चादर पोहोचली नाही म्हणून तो सपाट झाला नाही. अशा जागी हवामानखात्याचा ‘वारा वायव्येचा’ हा निरोप अर्धाच खरा असतो. सकाळी ऊन चढलं की उतारावरची हवा तापून वर सरकते. संध्याकाळी ती गार होऊन पाण्यासारखी घळीत उतरते. सकाळी बरोबर असलेलं मचाण संध्याकाळी त्यामुळेच चुकीचं ठरतं.

हे डोळ्यांनी बघायची एक युक्ती आहे, आणि ती बघून मला हसू आलं. इथे मिल्कवीड नावाचं झुडूप उगवतं, आपल्या रुईच्याच कुळातलं. त्याची शेंग फुटली की आतून त्याच पांढऱ्या रेशमी म्हाताऱ्या बाहेर पडतात. काका मागच्या वर्षीच्या शेंगा डबीत जपून ठेवतात आणि मचाणावरून एक-एक म्हातारी सोडतात. ती तरंगत जाते, तीस फुटांवर अचानक डावीकडे वळते, खाली बसते, पुन्हा उचलली जाते. आपला वास नेमका कुठे जातोय ते दिसतं. सांगलीला आम्ही ज्या म्हाताऱ्यांमागे धावायचो, त्या इथे कामाला लागल्यात.

आणि मचाणापर्यंत जायचा रस्ता? तोही वाऱ्यानेच ठरतो. हरणं जिथे बसतात आणि जिथे खातात त्यांच्या मधून चालत गेलात, तर झाडावर चढायच्या आधीच दिवस संपला.

झाडावर

या खेळात सगळ्यात जास्त माणसं जखमी होतात ती बाणाने नाही, झाडावरून पडून. पंधरा-वीस फुटांवर लोखंडी बैठक पट्ट्यांनी बांधलेली असते. वर्षभर उन्हात राहिलेले पट्टे कुजतात, खारी ते कुरतडतात. गेल्या वर्षीचं मचाण ‘तसंच आहे ना’ म्हणून चढायचं नाही. पट्टे दरवर्षी उतरवायचे, बघायचे, शंका आली की नवे घ्यायचे.

अंगभर हार्नेस हवा, आणि तोही वर पोहोचल्यावर घालून उपयोग नाही. झाडाला वरपासून खालपर्यंत दोर बांधलेला असतो, त्यावर सरकणारी गाठ असते. जमिनीवर पाय असतानाच स्वतःला त्या गाठीत अडकवायचं. शिडीवर एका वेळी तीन अवयव टेकलेले हवेत. धनुष्य हातात घेऊन चढायचं नाही, वर बसल्यावर दोरीने ओढून घ्यायचं. हार्नेसमध्ये लोंबकळत राहणंही धोक्याचं असतं, मांड्यांच्या पट्ट्यांनी रक्त अडतं, म्हणून पाय टेकवायला एक फास जवळ ठेवतात. आणि आपण नेमके कुठल्या झाडावर आहोत ते घरी सांगून जायचं. मोबाईलला आमच्या घळीत रेंज नाही.

उंचावरून मारताना अंतर फार बदलत नाही. वीस फुटांवरून वीस यार्डांवरचं हरीण सरळ रेषेत एकवीस यार्डांवर येतं. पण खाली बघून मारताना लोक नुसता हात खाली करतात, त्याने खांदा आणि दोरीची सगळी रेषा बिघडते. कमरेतून वाकायचं. आणि बाण तिरका खाली जाणार, म्हणून तो कुठे शिरतो यापेक्षा कुठून बाहेर पडेल याचा विचार करायचा.

कागदपत्रांचं थोडक्यात. १ जानेवारी १९७३ला किंवा नंतर जन्मलेल्यांना शिकारी-सुरक्षेचा अभ्यासक्रम लागतो, मग परवाना. परवान्यासोबत एका नराची परवानगी मिळते, माद्यांची संख्या जिल्ह्याप्रमाणे ठरते. मारलेल्या हरणाची नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत करावी लागते. खासगी जमिनीवर मालकाला विचारायचं. मी विचारायला गेले तेव्हा डब्यात शंकरपाळे नेले होते, त्याचा उपयोग झाला. आपल्यातल्या एच-वन-बीवाल्यांसाठी एक सांगते: तात्पुरत्या व्हिसावरच्या लोकांना बंदूक बाळगण्यावर केंद्रीय कायद्याची बंधनं आहेत. धनुष्य त्या कायद्याच्या व्याख्येत बंदूक नाही. राज्याचे शिकारीचे नियम मात्र सगळ्यांना सारखेच, आणि ते दरवर्षी नव्याने वाचायचे.

गोचिडांचंही विसरू नका. सप्टेंबरच्या गवतात त्या असतात आणि त्यांच्यापासून लाइम रोग होतो. कपड्यांवर पर्मेथ्रिन हे कीटकनाशक आधी मारून वाळवायचं, घरी आल्यावर गुडघ्यांमागे, काखेत, केसांत बघायचं.

बाण सुटल्यावर

तयारी बाण सुटेपर्यंतच असते असं मला वाटायचं. खरी परीक्षा नंतरची. दोन्ही फुफ्फुसांतून गेलेला बाण असला तरी हरीण बहुतेकदा शंभरेक यार्ड पळतं आणि मगच पडतं. शिकाऱ्याने तेव्हा हलायचं नाही. शेवटचं कुठे दिसलं ते झाड लक्षात ठेवायचं, घड्याळ बघायचं, अर्धा तास बसायचं. मग उतरून आधी बाण शोधायचा, कारण काय झालं ते बाण सांगतो. गुलाबी, फेसाळ रक्त म्हणजे फुफ्फुस, हरीण जवळच असेल. गडद रक्त म्हणजे बहुधा यकृत, काही तास थांबा. हिरवट-तपकिरी, घाण वास येणारं काही असेल तर बाण पोटात लागलाय. मग आठ-बारा तास रानात पाऊल टाकायचं नाही. लगेच मागे गेलात तर ते जखमी जनावर मैलोन् मैल पळतं आणि कुणालाच सापडत नाही. थांबलात तर ते जवळच कुठेतरी बसून प्राण सोडतं. थांबणं त्या वेळी निर्दयपणाचं वाटतं. माग काढताना रक्ताच्या प्रत्येक थेंबापाशी टिश्यू पेपरचा तुकडा ठेवत जातात. मागे वळून बघितलं की तुकड्यांची रेघ दिसते आणि पुढची दिशा कळते.

सप्टेंबरात आणखी एक पेच असतो. दुपारी पारा पंचवीस अंशांच्या वर जाऊ शकतो, आणि मांस चार अंशांखाली लवकर न्यावं लागतं, नाहीतर नासतं. त्यामुळे बर्फाच्या पिशव्या, मोठी शीतपेटी, धारदार सुरी, खाटकाचा फोन नंबर, हे सगळं हंगामाच्या आदल्या रात्री तयार हवं. काही जण उकाडा असेल त्या दिवशी संध्याकाळी बसतच नाहीत. हा मला सगळ्यात शहाणा निर्णय वाटतो.

आणि तपासणी. २००२मध्ये मॅडिसनजवळच्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. बिघडलेल्या प्रथिनांमुळे होणारा, मेंदू पोखरणारा, उपचार नसलेला रोग. माणसाला झाल्याचं एकही सिद्ध उदाहरण नाही, तरी रोगी हरणाचं मांस खाऊ नये असाच सल्ला दिला जातो. दिसायला ठणठणीत हरणातही तो असू शकतो. म्हणून मुंडकं तपासणी केंद्रावर ठेवायचं, घशाजवळच्या गाठींची चाचणी मोफत होते, आणि निकाल येईपर्यंत मांस फ्रीझरमध्ये वेगळं ठेवायचं. रोग सापडलेल्या जिल्ह्यांत दाणे टाकून हरणांना बोलावण्यावरही बंदी आहे, कारण एका ढिगावर दहा तोंडं आली की रोग पसरतो. काकांच्या फ्रीझरवर चिकटपट्टी लावलेली असते: ‘वाट बघतोय’.

गेल्या वर्षी उघडणीच्या शनिवारी पहाटे पाचला आम्ही दोघं शेताच्या कडेने निघालो. पुढे ते ओढ्याकडे वळणार होते, मी ओककडे. दिवा लावायचा नव्हता. आग्नेयेला मृग बराच वर आला होता, त्याच्या खाली व्याध नुकता झाडांच्या वर. मी थांबून त्यांना दाखवलं. त्यांच्यासाठी ते ओरायन, पट्टा बांधलेला माणूस. मी म्हटलं, आमच्याकडे हे हरीण आहे. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे पाय, तो खालचा तेजस्वी तारा शिकारी, आणि मधले तीन तारे म्हणजे त्याने मारलेला बाण.

काका बराच वेळ मान वर करून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, “पोटात लागलाय. तरीच अजून पळतंय.”